महादेवीच्या हातचं घड्याळ

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते बहुतेक हसण्यासाठी. राग मानू नका, माझा स्वभावच तसा आहे. गेली चोवीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय आणि 'आपोआप बंद पडलं हो' किंवा 'आपोआप चालू झालं' असं गिऱ्हाईक म्हणालं की मला तिडीक येते. यंत्रात आपोआप काही होत नसतं. तेल सुकलेलं असतं, चाकात धागा अडकलेला असतो, नाहीतर गिऱ्हाईक घड्याळ घालून नळाखाली बसलेलं असतं आणि सांगायला लाजत असतं. झाकण उघडलं की कारण दिसतंच. सोमवारी मी देवळात जातो, पण भूतखेत, आत्मेबित्मे हे माझ्या टेबलावर कधी चाललं नाही.

तरी आज लिहितोय. कारण एका झाकणाखाली मला कारण सापडलं नाही... आणि चार वर्षं झाली, ते मी शोधतोय.

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात माझं दुकान आहे. दुकान कसलं, घराची पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला काचेचं कपाट आणि माझं टेबल, मधे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे हातभर अंगण. स्वयंपाकघराला एकच खिडकी आणि खिडकीशेजारी भिंतीत एक खिळा. हा खिळा मीच ठोकलेला. त्याचं कारण पुढे येईल. घरात माणसं दोनच, मी आणि माझी बायको महादेवी. मूलबाळ झालं नाही.

आता थोडं धंद्यातलं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बायकांच्या चावीच्या घड्याळाचं मशीन करंगळीच्या नखाएवढं असतं. पुरुषी घड्याळ चुकलंमाकलं तरी चालून जातं, पण हे लेडीज मशीन म्हणजे नाजूक प्रकरण. ते साफ केलं, तेल दिलं, खुंटीला टांगून ठेवलं तर एक वेळ दाखवतं आणि हातावर घातलं की वेगळीच. हाताची ऊब, हाताची हालचाल, कुणी मनगट वर धरून बसतं तर कुणी खाली सोडून चालतं... या सगळ्यानं दिवसाला चारपाच मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे लेडीज घड्याळ बाईच्या हातावरच तपासावं लागतं. आता मी बाई कुठून आणणार? म्हणून दुरुस्त झालेलं प्रत्येक लेडीज घड्याळ दोन-तीन दिवस महादेवी घालायची.

गिऱ्हाइकांना हे माहीत नव्हतं. 'टेस्टिंगला ठेवलंय' असं मी सांगायचो आणि ते खोटंही नव्हतं. कधी एका हातात दोन-दोन घड्याळं घालून ती धुणी धुवायची, मंडईत जायची. गल्लीत तिची चेष्टा व्हायची, 'घड्याळजीची बायको, रोज नवं घड्याळ!' एकदा एका लग्नात ती ज्या बाईचं घड्याळ घालून गेली, तीच बाई पंगतीत शेजारी येऊन बसली. महादेवीनं अख्खं जेवण डावा हात पदराखाली धरून केलं. घरी येऊन हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. माहेरी कानडी, माझ्याशी मराठी. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं, पण घड्याळ तिला माणसासारखं कळायचं. संध्याकाळी ती खरोखर रिपोर्ट द्यायची.

"अहो, ह्ये निळ्या डायलचं लई गुणी हाय. दोन दिसात येक मिन्ट बी इकडं-तिकडं न्हाय."

"आणि दुसरं?"

"ते नकोच बया. सकाळी पळतंय आन् दुपारी बसतंय. त्याची मालकीन बी तसलीच असंल की!"

मी तिच्या सांगण्यावरून मशीनमधला वेग कमीजास्त करणारा रेग्युलेटरचा काटा केसभर सरकवायचो. पेठेत माझं नाव झालं ते लेडीज घड्याळांवरच. कबूल करतो की त्यातला निम्मा हात तिचा होता, आणि हे तिला मी एकदाही बोलून दाखवलं नाही.

तिचं स्वतःचं घड्याळ नव्हतं.

म्हणजे होतं... आणि नव्हतं. लग्नानंतर पाचसहा वर्षांनी पुण्याहून मी मोडीत निघालेल्या मशीनचा एक डबा आणला. त्यात एक लंबगोल स्विस लेडीज निघालं, फिकट सोनेरी डायल, सतरा ज्वेलचं. बॅलन्सचं झुलतं चाक मोडलेलं, बाकी मशीन सुरेख. मी तिला दाखवलं आणि म्हणालो, "हे तुझं." एका छोट्या डबीत ठेवून वर चिठ्ठी चिकटवली, 'घरचं'. बॅलन्स मिळवलासुद्धा. तेवढ्यात एका कॉलेजच्या पोरीचं तसंच मशीन आलं, तिची परीक्षा तोंडावर. मी आत पडद्याकडे बघून विचारलं, "तुझ्यातनं काढू का गं? नंतर दुसरा बसवतो."

"काढा की. पोरीची परीक्षा हाय."

मग मेनस्प्रिंग गेली एका नर्सच्या घड्याळात. मग काटे. मग चावी. दर वेळी मी विचारायचो आणि दर वेळी ती 'काढा की' म्हणायची. पुढे पुढे मी विचारायचंही सोडून दिलं. दुसऱ्याचं काम अडलं की हात आपसूक त्या डबीकडे जायचा. सहा वर्षं गेली अशी. डबीत नुसता सांगाडा राहिला, वर चिठ्ठी मात्र तशीच.

आता खिळ्याचं. भाकरी करताना हातातलं घड्याळ काढून त्या खिळ्याला अडकवायचं, असा मी तिला नियम घालून दिला होता. ज्वारीचं पीठ फार बारीक, चावीच्या फटीतून आत जातं आणि तेलात मिसळलं की मशीन संपलं. पण ती विसरायची. एकदा मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस बाईंचं घड्याळ दुरुस्त करून दिलं, ते चार दिवसांत बंद पडून परत आलं. बाईंच्या समोर झाकण उघडलं तर आत पीठ. माझी मान खाली गेली आणि डोकं फिरलं. तिथूनच ओरडलो, "अगं, किती वेळा सांगितलं तुला! भाकरी करताना काढायला काय होतं? अक्कल गहाण टाकलीस काय?"

पडदा सरकवून ती दारात आली. दोन्ही हात पिठाचे. बाई बिचाऱ्या रस्त्याकडे बघायला लागल्या. महादेवी तशीच आत गेली. रात्री ताट वाढताना एवढंच म्हणाली, "माझं येक असतं तर जपलं असतं की."

मी जेवत राहिलो.

पंचाहत्तर साली तिला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग दवाखाना. नऊ दिवसांत सगळं आटोपलं. दवाखान्यात तिच्या हातात बांगड्यासुद्धा राहत नव्हत्या, इतकं मनगट बारीक झालं होतं. तरी मधेच डावा हात उचलून बघायची, सवयीनं. शेवटच्या आदल्या दिवशी नाडी बघायला आलेल्या सिस्टरला म्हणते, "सिस्टर, तुमचं घड्याळ मागं हाय. आमच्या मालकास्नी दाखवा. लई चांगलं करत्यात." सिस्टर हसली. मला तिथे उभं राहवलं नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. पिठाचा डबा मी शेजारच्या नरसव्वाला देऊन टाकला. मला भाकरी येत नाही, आणि तो डबा बघवतही नव्हता. नरसव्वा विड्या वळते, एकटीच असते. तिनं मला रोज भात-आमटी पाठवायला सुरुवात केली.

मग मी ती डबी काढली.

तीन महिने लागले. मुंबईला पत्रं टाकून बॅलन्स मागवला, मेनस्प्रिंग, काटे, नवी कोरी चावी, सगळं मागवलं. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून मी सुटं मशीन पेट्रोलमध्ये धुतलं, एकेक ज्वेल काडीनं पुसला, सुईच्या टोकावर तेल घेऊन थेंब थेंब दिला. बॅलन्स बसवला आणि तो पहिल्यांदा हलला... भिंग डोळ्यावर ठेवूनच मी रडलो. सहा वर्षं जे जमलं नाही ते तीन महिन्यांत जमलं होतं. म्हणजे मनात आणलं असतं तर केव्हाही जमलं असतं. हे एकदा कळल्यावर माणसानं झोपायचं कसं, सांगा.

पट्टा लावून ते घड्याळ मी स्वयंपाकघरातल्या त्या खिळ्याला टांगलं. दुसरीकडे कुठे टांगणार?

रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधी पिप् पिप् होतं, त्यावर मी वेळ लावायचो आणि मग चावी द्यायचो. या मशीनला चोवीस तासांनी साधारण अठरा वेळा चावी फिरवावी लागते, मग ती घट्ट होते. आणि खिळ्यावर ते रोज चार मिनिटं मागे पडायचं. आठ दिवस बघितलं, बरोबर चार. रेग्युलेटरला मी हात लावला नाही. कुणाच्या हातासाठी लावणार होतो?

नवव्या दिवशी पिप् पिप् झालं आणि मी घड्याळ बघितलं, तर वेळ बरोबर. सेकंदासुद्धा बरोबर! चावीला हात घातला. एक... दोन... आणि घट्ट.

पहिला विचार हाच आला की आपणच कधीतरी उठून चावी दिली असेल. डोकं ठिकाणावर नव्हतंच माझं. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दोनदा फिरवली की घट्ट, म्हणजे दोन-तीन तासांपूर्वी कुणीतरी पूर्ण चावी दिलेली. आणि टांगल्या जागी चार मिनिटं मागे पडणारं घड्याळ बिनचूक चालतंय, याचा माझ्या धंद्यात एकच अर्थ होतो. ते कुणाच्या तरी हातावर आहे.

मी नरसव्वाला विचारलं. ती दारातच विडीची पानं कापत बसली होती.

"नाय अण्णा. मी कशाला हात लावू तुमच्या घड्याळाला? मला तर वेळ पण बघता येत नाय. मिलचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की झोपायचं." मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाली, "का हो? काय झालं?"

"काही नाही," म्हणालो.

माझ्यातला घड्याळजी गप्प बसेना. एक दिवस मी सकाळी चावी देऊन, स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून अक्कलकोटला मेहुण्याकडे गेलो. मुद्दाम मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो तेव्हा तीस तास होऊन गेले होते. मशीन जेमतेम धुगधुगायला हवं होतं. कुलूप उघडलं, खिळ्याजवळ गेलो. एक... दोन... घट्ट. वेळ बरोबर. आणि पट्टा आतल्या बाजूनं ओलसर, घामानं होतो तसा.

भीती? अजिबात वाटली नाही. उलट काय झालं ते लाज सोडून सांगतो. मी खूश झालो. रोज दाढी करायला लागलो. सकाळी उठून कधी एकदा चावी बघतो असं व्हायचं. स्वयंपाकघरात मी बोलायला लागलो, आज कुणाचं घड्याळ आलं, कोण काय म्हणालं. ती वापरतेय, तिला मिळालं, उशिरा का होईना मिळालं... एवढंच मनात घोळायचं. कुणाला सांगितलं मात्र नाही. सांगितलं तर मोडेल असं वाटायचं. एकोणीस दिवस हे चाललं.

विसाव्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी होती. एक माणूस पहाटेच्या गाडीनं माढ्याहून आलेला, त्याला परतीची घाई. दुसऱ्या एका बाईचं घड्याळ मी आदल्या दिवशी बिघडवून ठेवलेलं. डोकं तापलेलं. त्यातच आत जाऊन खिळ्यावरचं घड्याळ घेतलं, चावी फिरवली तर कचकच लागली. मशीन अडखळत होतं. ते तसंच टेबलावर आणलं, भिंग लावलं. चावीच्या मुळाशी, पट्ट्याच्या खाचेत, झाकणाच्या कडेला बारीक पांढुरकं काहीतरी बसलं होतं. बोटाला लावून बघितलं. ज्वारीचं पीठ.

आणि माझं तोंड सुटलं. विचार करायला वेळच नाही मिळाला हो... सवय. पडद्याकडे मान वळवून मी ओरडलो, "अगं, किती वेळा सांगितलं तुला! भाकरी करताना काढून ठेवायला काय होतं?"

हात थांबले नव्हतेच. झाकण उघडलं, चावी उपसली, सगळं पेट्रोलच्या वाटीत टाकून ब्रश फिरवला. माढ्याचा माणूस म्हणाला, "वैनी आत हायत व्हय? मला वाटलं..." आणि तो मधेच थांबला. त्याला कुणीतरी सांगितलेलं असणार.

मी वाटीकडे बघितलं. तळाशी पिठाचा पातळ थर बसला होता.

घरात ज्वारीचा दाणा नव्हता. तो डबा जाऊन चार महिने झाले होते. चावी मुंबईहून आलेली, नवी कोरी. या घड्याळानं महादेवीचा हात जिवंतपणी कधी बघितलाच नव्हता. मी उठून आत गेलो. माझ्या मागे पडदा हलत होता, पण तो मीच हलवला होता. चूल गार. परात पालथी, कोरडी. "महादेवी," मी म्हणालो, "चुकलो गं. तुझंच आहे ते. पीठ जाऊ दे, काहीही जाऊ दे, तू घाल." बाहेरची माणसं ऐकत होती. ऐकू देत.

घड्याळ पुन्हा जोडलं, पुसलं, खिळ्याला लावलं. दुसऱ्या सकाळी चावीला हात घातला. एक, दोन, तीन... मी मोजत गेलो. अठरा. रेडिओ झाला. चार मिनिटं मागे.

त्यानंतर रोज अठरा आणि रोज चार.

मी काय काय केलं ते वाचून तुम्ही हसाल. बाजारातून पीठ आणून परातीत काढून ठेवलं. पाणी ठेवलं. स्वतः मळायचा प्रयत्न केला, भाकरी तुटली. तीन दिवस चावी द्यायची नाही असं ठरवलं, मनात म्हटलं, थांबलेलं बघून तरी देईल. दुसऱ्या दिवशी दुपारी ते थांबलं आणि थांबूनच राहिलं. चौथ्या सकाळी मीच चावी दिली. आजही देतोय.

एका डॉक्टर गिऱ्हाइकाला आडून विचारलं. ते म्हणाले, दुःखात माणूस झोपेत उठून कामं करतो, सकाळी आठवत नाही. म्हटलं, कुलपाच्या दिवसाचं काय? ते म्हणाले, कुलूप घातलं असं तुम्हाला वाटलं असेल. रेडिओ दुरुस्त करणारा एक मित्र आहे, तो म्हणतो हवेत फरक पडला असेल, पीठ शेजारच्या पिठाच्या गिरणीतून उडत आलं असेल. आमच्या बोळात गिरणी नाही. पण मी त्याच्याशी वाद घातला नाही.

कुणाशीच घालत नाही आता. म्हणून तर हे लिहितोय. वाचकांत कुणी शिकलेलं, शास्त्र जाणणारं असेल तर त्यानं हे सगळं मला उलगडून सांगावं. चावी झोपेत मीच देत होतो म्हणा. पीठ मीच कुठूनतरी आणून लावलं म्हणा. वेडा झालो होतो म्हणा, चालेल. जन्मभर मी प्रत्येक गोष्टीला कारण मागितलं, पण असं हात जोडून कधी मागितलं नव्हतं. कारण ते सगळं मीच केलं असं एकदा ठरलं, तर त्या सकाळी मी ओरडलो तेव्हा पडद्यामागे ते ऐकायला कुणीच नव्हतं, एवढं तरी ठरेल.